बॉनेट आपणही उघडू या!

गाडी चालवणाऱ्या बायका आता तालुक्याच्या गावातही सर्रास दिसतात. मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, माहेरची फेरी, सगळं आपणच निभावतो. पण बॉनेट उघडायची वेळ आली, की ‘थांबा, ह्यांना विचारते’! हे काही मला पटत नाही. जी गाडी चालवते, तिला गाडीची तब्येतही कळायला हवी.

रेडिएटरचंच घ्या ना. इंजिनातली उष्णता कूलंट वाहून आणतं आणि रेडिएटरच्या बारीक जाळीतून जाणारा वारा ते गार करतो. कूलंट गळालं, तर ऐन घाटात काटा लाल रेघेवर चढतो. तशीच गाडी दामटली, तर हेड गॅस्केट जातं आणि खर्च हजारांत जातो.

मी रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, ५ मिनिटं देते. रात्रीच गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचा. त्यावर हिरवा, गुलाबी किंवा निळा डाग दिसला, तर गळतीची शंका घ्यावी. एसीचं पाणी बिनरंगाचं असतं, त्याला घाबरू नये. मग छोट्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते बघायचं. रबरी पाइपांना तडे, फुगवटा आहे का, ते हाताने चाचपायचं. जोडांपाशी पांढरट-हिरवट थर म्हणजे बहुधा गळून सुकलेलं कूलंट. जाळीत चिखल, किडे अडकलेत का, पाती वाकलीत का, तेही दिसतं. कूलंट दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात तेल मिसळलेलं असू शकतं. मग गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला बोलवा.

मैत्रिणींनो, वाफ जिरल्याशिवाय आपण कुकर उघडत नाही ना? गरम रेडिएटरचं झाकणही तसंच. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा. शिवाय कूलंट चवीला गोडसर, पण विषारी. सांडलं तर लगेच पुसा, लेकरं आणि कुत्री-मांजरं त्यापासून जपा.

दुरुस्तीही आपणच करावी, असं मी म्हणत नाही. पण ‘रेडिएटरच बदलावा लागेल’ असं कुणी म्हटलं, तर ‘गळतंय कुठून, ते दाखवा’ एवढं विचारता आलंच पाहिजे. कधी कधी नुसती क्लिप सैल झालेली असते. १० रुपयांची कोथिंबीर पारखून घेणाऱ्या आपण, हजारांच्या बिलावर मुकाट मान का डोलवायची?