‘फ्रँकाई’ नावाचे व्हेनिस

१७७० च्या दशकात एदो येथे उतागावा तोयोहारूचे एक काष्ठमुद्राचित्र निघाले. दहा हजार कोसांपर्यंत निनादणारी, ‘फ्रँकाई’ या डच बंदरातील घंटा, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. चित्रात मात्र आहे तो व्हेनिसचा ग्रँड कॅनॉल! कानालेत्तोच्या चित्रावरून व्हिसेंतिनीने केलेले कोरीवचित्र त्याला आधारभूत होते. याच तोयोहारूने रोममधील भग्नावशेषांना हॉलंडमधील फ्रान्सिस्कन चर्च ठरवले.

या चित्रांविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिले म्हणते, हे अज्ञान. दुसरे, सैदच्या ‘ओरिएंटॅलिझम’नंतरचे (१९७८), म्हणते की हा उलटा प्राच्यवाद. दोन्ही मते मुळातच सदोष आहेत.

पहिले मत चित्राला साक्षीदार मानते. परंतु साखळीच्या आरंभी तरी ‘खरे’ व्हेनिस कोठे आहे? कानालेत्तोने स्वतःच अनेक दृष्टिबिंदू एकत्र आणून, इमारती सोयीने हलवून आपले व्हेनिस रचले होते. तोयोहारूने उचलले ते शहर नव्हे, तर यथादर्शनाची युक्ती. आणि ‘उकिए’ या चित्रप्रकाराचा ग्राहक विकत घेत होता तो खोलीचा आभास. ‘फ्रँकाई’ हे नाव स्थळाचा निर्देश करीत नाही. ते दूरत्वाचा संकेत म्हणून कार्य करते.

दुसरे मत अधिक व्युत्पन्न दिसते, म्हणूनच अधिक घातक आहे. सैदच्या मांडणीत ज्ञान आणि सत्ता यांचा सांधा अविभाज्य आहे. १६३५ पासून जपानी प्रजेला परदेशगमनास बंदी होती. पुढे युरोपीयांपैकी केवळ डचांना, तेही नागासाकीपुरता, व्यापार खुला राहिला. एदोची सत्ता युरोपच्या वीतभर भूमीवरही नव्हती. १८६२ मध्ये योशितोराने न पाहिलेले लंडन आणि पॅरिस चितारले, तेव्हा तर जपानवरच विषम तह लादले गेले होते. ज्याच्यापाशी सत्ता नाही त्याच्या कुतूहलालाही प्राच्यवाद म्हटले, तर ती संज्ञा निव्वळ ‘परक्याचे चित्रण’ एवढीच उरते आणि तिची धार जाते.

हा प्रश्न केवळ जपानी कलेचा नाही. सोस्यूर, बाख्तिन, देरिदा आपण बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने वाचले. आपल्या समीक्षेतील ‘पॅरिस’ हेही असेच प्रतीचे प्रतिचित्र आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. तोयोहारूने त्याच उसन्या यथादर्शनातून एदोची नाट्यगृहे रेखाटली; त्याच्या शिष्यपरंपरेत पुढे हिरोशिगे घडला. उसनवारीचा न्याय मुळाशी ताडून होत नाही, तिच्यातून काय निर्माण झाले यावरून होतो. या कसोटीवर आपली बरीचशी सैद्धान्तिक समीक्षा उतरत नाही. ती अजून फ्रँकाईचीच चित्रे छापते आहे, आणि ती व्हेनिसची आहेत असे शपथेवर सांगते आहे. तोयोहारूने अशी शपथ कधी घेतली नव्हती.