ओहायोचे जंगल आणि वर्ध्याची पांदण

श्री. राजीव बजाज,
व्यवस्थापकीय संचालक, बजाज ऑटो,
आकुर्डी, पुणे

आदरणीय राजीवजी,


29 नोव्हेंबर 1945 रोजी बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने तुमच्या कंपनीची सुरुवात झाली. त्यातले बछराज म्हणजे वर्ध्याचे शेठ बछराज, ज्यांच्या घरी जमनालालजी बजाज नातू म्हणून दत्तक आले. पुढे बरोबर त्याच तारखेला, 29 नोव्हेंबर 2024 रोजी, ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात दाखल केला. आज त्या केटीएमची मालकी तुमच्याकडे आहे. मी नागपूरचा. 1920 च्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष आणि 1923 च्या झेंडा सत्याग्रहाचे पुढारी म्हणून या शहरात जमनालालजींचे नाव आजही घरातल्या माणसासारखे घेतले जाते. त्याच जवळिकीच्या आधाराने हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

गेल्या दोन वर्षांतला व्यवहार वृत्तपत्रांनी आकड्यांत सांगितला. गोदामांत साधारण वर्षभराच्या उत्पादनाइतक्या गाड्या पडून, धनकोंची 30 टक्क्यांवर तडजोड, तुमच्याकडून 80 कोटी युरोंची उभारणी, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये केटीएमची मालक असलेल्या पिअरर मोबिलिटीचे नाव बदलून बजाज मोबिलिटी. तुम्ही नसता तर तो कारखाना बंद पडला असता असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याबद्दल मनापासून अभिमान वाटतो. मला लिहायचे आहे ते पुढचे. केटीएमबरोबर हुस्कवर्ना आणि गॅसगॅस हे दोन ब्रँडही तुमच्या पदरात आले. यातला गॅसगॅस सगळ्यात लहान, जवळजवळ फक्त माती-दगडांत चालणाऱ्या गाड्यांचा, आणि अमेरिकेत पाय रोवताना सगळ्यात जास्त धडपडलेला. त्याचे काय करायचे हा निर्णय आता पुण्यात होणार आहे.

अमेरिकेचा मुद्दा इतका महत्त्वाचा का, ते समजायला केटीएमचाच इतिहास पुरेसा आहे. 1967 साली ओहायोचा जॉन पेंटन नावाचा माणूस मॅटिगहोफेनला गेला. तो स्वतः एन्ड्युरो, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या लांब पल्ल्याच्या, स्पर्धा जिंकणारा स्वार. 1959 मध्ये न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर त्याने बीएमडब्ल्यूवर 52 तास 11 मिनिटांत कापले होते. त्याचे म्हणणे असे की अमेरिकेच्या जंगलातल्या शर्यतीत लोक अवजड गाड्या ओढत नेतात, तिथे हलकी, छोट्या इंजिनाची गाडी हवी. केटीएम तेव्हा सायकली आणि मोपेड बनवणारा कारखाना होता. पेंटनने स्वतःच्या खिशातले सहा हजार डॉलर नमुन्यांसाठी पुढे ठेवले. 1968 मध्ये त्या गाड्या पेंटन याच नावाने अमेरिकेत उतरल्या आणि दहा वर्षे त्याच नावाने विकल्या गेल्या. आज जग ज्या ऑफ-रोड केटीएमला ओळखते, ती एका गिऱ्हाइकाच्या हट्टातून जन्मली.

हुस्कवर्नाचेही तसेच. 1966 मध्ये एडिसन डाय या व्यापाऱ्याने स्वीडनचा विजेता टॉर्स्टन हॉलमन याला अमेरिकेत आणून गावोगाव पळवले, तेव्हा कुठे तिथल्या पोरांना कळले की मोटोक्रॉस म्हणजे काय असते. पाच वर्षांनी ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटात स्टीव्ह मॅक्वीन हुस्कवर्नावर दिसला आणि त्या गाडीचे नाव घरोघर गेले. पण त्याआधी मैदानावर ती धूळ उडवून बसलेली होती, हे विसरता येत नाही.

एवढे करूनही जपानच्या चार कंपन्यांपुढे केटीएमला किती वर्षे घासावे लागले पाहा. 450 सीसीचे अमेरिकन मोटोक्रॉस विजेतेपद तिला पहिल्यांदा 2012 मध्ये मिळाले आणि स्टेडियममधल्या सुपरक्रॉसचे 2015 मध्ये, दोन्ही रायन डंजीमुळे. पेंटन मॅटिगहोफेनला गेला त्यानंतर 45 वर्षांनी! मधल्या काळात तिला तगवले ते स्टेडियमच्या बाहेरच्या लोकांनी. जंगलातल्या जीएनसीसी मालिकेत केलब रसेलने 2013 ते 2020 अशी सलग आठ विजेतेपदे केटीएमवर मिळवली. असल्या शर्यतीत चिखल, ओढे, झाडांची मुळे आणि काही तासांची रपेट असते. तिथे तीच गाडी टिकते जिचा एअर फिल्टर पाना न लावता, नुसत्या हाताने बाजूचे झाकण ओढून काढता येतो. तुम्ही स्वतः इंजिनिअर आहात, म्हणून हे बारीकसारीक लिहितो. फोमचा तो फिल्टर दर रपेटीनंतर काढायचा, धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेलात भिजवून पिळून बसवायचा. मे महिन्यात हिंगण्याकडच्या मुरमाच्या टेकड्यांवर अर्धा दिवस गाडी चालवली की तो फिल्टर विटेच्या रंगाचा होतो. दहा स्क्रू काढून तो साफ करावा लागणारी गाडी आणि एका ओढीत साफ होणारी गाडी यांतली कोणती माणूस दुसऱ्यांदा विकत घेईल, हे सांगायला बाजाराचा अभ्यास लागत नाही. ही सोय ज्याने आखली त्याचे हात कधीतरी मातीने भरलेले होते.

गॅसगॅसच्या वाट्याला असा काळच आला नाही. 1985 मध्ये स्पेनच्या जिरोनात ही कंपनी निघाली, ट्रायल्सच्या, म्हणजे अडथळ्यांवरून तोल सांभाळत न्यायच्या, गाड्यांत तिने नाव केले, नंतर पैशाच्या ओढगस्तीत सापडली आणि 2019 मध्ये केटीएमच्या घरात आली. घरात आल्यावर तिला केटीएमचीच चेसिस, केटीएमचेच इंजिन आणि वर लाल प्लास्टिक मिळाले. नारिंगी, पांढरी आणि लाल अशी एकच गाडी तीन रंगांत. कारखान्याच्या हिशेबाने हे शहाणपणाचे असेल. अमेरिकन डीलरच्या दुकानात मात्र तिन्हींचा साठा लावायचा, तिन्हींचे व्याज भरायचे, आणि गिऱ्हाइकाने विचारले की फरक काय, तर सांगायचे काय? ऑफ-रोडचा स्वार गाडी खोलून बघतो. त्याच्यापासून काही लपत नाही.

आणि तरी गाडीत खोट नव्हती. जानेवारी 2021 मध्ये ह्यूस्टनला 450 सुपरक्रॉसच्या हंगामातली पहिलीच शर्यत जस्टिन बार्शियाने गॅसगॅसवर जिंकली. 2023 आणि 2024 ची मोटोक्रॉसची जागतिक विजेतेपदे होर्खे प्राडोने गॅसगॅसवरच घेतली. पुढे काय झाले? प्राडो अमेरिकेत गेला तो कावासाकीवर, आणि 2026 साठी तुमच्या समूहात परतला तो नारिंगी केटीएमवर. बार्शिया आणि त्याचा ट्रॉय ली डिझाइन्सचा संघ डुकाटीकडे गेले. लाल गाडीने विजेते घडवले आणि लाल गाडीजवळ कुणी थांबले नाही, कारण तिच्याकडे स्वतःचे म्हणावे असे काही उरले नव्हते.

माझे मत सांगतो. गॅसगॅसला अमेरिकेत केटीएमची स्वस्त आवृत्ती म्हणून विकणे थांबवा. तिला ट्रायल्स आणि कठीण डोंगरी एन्ड्युरो एवढेच क्षेत्र द्या, मॉडेल कमी करा, पण जी गाडी ठेवाल तिचा प्रत्येक वॉशर दहा वर्षे मिळेल असे लेखी सांगा. गोदामे भरून ठेवण्याच्या हौसेनेच केटीएम बुडाली. तुमच्या नावाखाली ते पुन्हा घडू नये.

भाव कमी करून अमेरिका जिंकता येईल असे तुमच्या चाकणच्या कारखान्यात कुणाला वाटत असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका. चाकणची 390 एन्ड्युरो आर तिथे 5,499 डॉलरला उतरली, ही फार मोठी गोष्ट आहे, मला तिचे अप्रूप आहे. पण ऑगस्ट 2025 मध्ये बहुतेक भारतीय मालावरचे अमेरिकन शुल्क 50 टक्क्यांवर गेले. असली शुल्के राजकारणाबरोबर वर-खाली होत राहणार. शिवाय तुमचाच भागीदार ट्रायम्फ 250 सीसीची मोटोक्रॉस गाडी घेऊन त्याच मैदानात उतरला आहे, डुकाटी आहे, विजेवर चालणारी स्टार्क आहे. भावाची कड एका अध्यादेशाने जाते. टेनेसीच्या एखाद्या खेड्यातल्या डीलरकडे शनिवारी दुपारी क्लच लिव्हर हजर असेल, तर तो डीलर कुठे जात नाही.

सुट्या भागांचे दुःख इथेही तेच आहे. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने परदेशी बनावटीची एक डर्ट बाइक घेतली. कंपनीचे नाव घेत नाही. काटोलजवळ शेताच्या बांधावरून उतरताना रेडिएटर चेपला आणि तो भाग यायची वाट बघता बघता आख्खा पावसाळा गेला. शेवटी ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने झाळून दिला. त्या तरुणाने पुढे गाडी विकली, आणि त्याच्यामागून घेणार होते त्या दोघांनी बेत रद्द केला.

आता माझा मुख्य मुद्दा. मातीतल्या गाड्यांचे जगातले सर्वांत मोठे नाव आज एका मराठी मुलखातल्या कंपनीचे आहे, आणि त्या कंपनीच्या अंगणात मातीत गाडी चालवणारी मुले जवळपास नाहीत. होसूरची टीव्हीएस 1982 पासून शर्यती लढवते. तिच्या भागीदारीतल्या शेर्को गाडीवर केरळच्या हरित नोआने 2024 च्या डकार रॅलीमध्ये रॅली-2 गट जिंकला आणि एकंदरीत अकरावा आला. बंगळूरच्या सी. एस. संतोषने 2015 मध्ये डकार पूर्ण केली, तो पहिला भारतीय, आणि गाडी केटीएम होती. पण संतोष स्वतःच्या बळावर गेला होता. अमेरिकेत मुले चार-पाच वर्षांची असताना 50 सीसीच्या गाडीवर बसतात, बाप शनिवार-रविवारी ट्रेलर जोडून त्यांना मैदानावर नेतो, आणि ज्या रंगाच्या गाडीवर पोरगे पहिल्यांदा पडले तो रंग जन्मभर त्याचा होतो. हे तुम्हाला पुण्यात बसून अहवालात वाचायला मिळेल. पण स्वतःच्या गावात ते घडताना पाहिलेला व्यवस्थापक वेगळे निर्णय घेईल.

नोव्हेंबर 2024 मध्ये, म्हणजे तिकडे दिवाळखोरीच्या अर्जाच्या थोडेच दिवस आधी, केटीएमने भारतात मुलांसाठीची 50 एसएक्स आणली. तेव्हाची किंमत 4 लाख 75 हजार. आयात केलेली ती गाडी उत्तमच आहे. पण यवतमाळच्या किंवा भंडाऱ्याच्या कोणत्या घरात ती येईल? दहा लाखांवर केटीएम बनवून झालेल्या चाकणमध्ये 100-125 सीसीची, नंबर प्लेट नसलेली, बंद मैदानातच चालवायची साधी डर्ट बाइक बनवणे तुमच्या इंजिनिअरांना जड नाही. मडगार्ड तेवढे उंच ठेवा. आमची काळी माती जुलैत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की पांदणीत शंभर पावलांवर पुढचे चाक फिरणे थांबते आणि काडीने कोरून काढावे लागते. अमेरिकेतल्या चिकणमातीच्या मैदानांवर स्वारांना हेच सतावते. इथे जी गाडी अडकणार नाही ती तिथेही अडकणार नाही.

तुम्ही ऐकता, हे मला माहीत आहे. 390 एन्ड्युरो आर भारतात पहिल्यांदा आली तेव्हा सस्पेन्शनची हालचाल परदेशातल्या 230 मिलिमीटरऐवजी पुढे 200 आणि मागे 205 ठेवलेली होती. स्वारांनी नाराजी बोलून दाखवली, आणि काही महिन्यांतच पूर्ण हालचालीची गाडी 3 लाख 54 हजारांना उपलब्ध झाली. किंमत 17 हजारांनी वाढली तरी लोकांनी तिचे स्वागत केले. आपल्याकडच्या स्वाराला कमी चालते हा समज तिथेच मोडला.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. वर्धा-नागपूर पट्ट्यात पडीक, मुरमाड जमीन पुष्कळ आहे. तिथे कुठेही दहा-बारा एकरांवर एक सराव मैदान उभे करा. महागडे काही नको. मातीचे उंचवटे, पाण्याचा टँकर, प्रथमोपचार, एक मिस्त्री, हेल्मेट आणि चेस्ट गार्डचा साठा, आणि भाड्याने देण्यासाठी वीस छोट्या गाड्या. चाकणचे आणि मॅटिगहोफेनचे नवे इंजिनिअर वर्षातून पंधरा दिवस तिथे राहोत, एकदा मेमध्ये 46 अंशांत आणि एकदा जुलैच्या चिखलात, स्वतः गाडी चालवोत, स्वतः फिल्टर धुवोत. अमेरिकेतले तुमचे चार-दोन जुने डीलरही बोलवा. त्यांना जे पत्रातून सांगता येत नाही ते गाडीजवळ उभे राहून सांगतील. पेंटन मॅटिगहोफेनला गेला होता, तसे आता त्यांना इकडे यावेसे वाटले पाहिजे.

जागा दाखवायला, जमीनमालकांशी बोलायला आणि मुले जमवायला आम्ही इथले स्वार तयार आहोत. तुमच्या माणसाने ऑक्टोबरात, शेतातला चिखल वाळला की, यावे. हिंगणा, बुटीबोरी आणि सेलूच्या बाजूच्या जागा दोन दिवसांत पाहून होतील.

तुमचा,
नागपूरचा एक स्वार