पाइंटभर अळ्या आणि चार तास

इंग्लंडमध्ये नदीतल्या माशांतही उच्चनीच आहे. सामन आणि ट्राउट हे खानदानी, त्यांना 'गेम फिश' म्हणायचं. बाकी सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. रोच आणि डेस हे त्या जाडेभरड्यांतले. आपल्या रोहू-कटल्यांचे लांबचे भाऊबंद म्हणा ना. गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्यासाठी नॉटिंगहॅमला ट्रेंट नदीच्या काठावर चार तास बसलो होतो.

नेलं शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण मनात ते काकाच. आधी ऑनलाइन लायसन्स काढायला लावलं, मग दुकानात नेऊन माशीच्या अळ्या घेतल्या. अळ्या इथे पाइंटवर मिळतात, बिअरसारख्या! डबा रात्रभर आमच्या फ्रिजमध्ये होता. बायको काय म्हणाली ते कौटुंबिक मासिकात लिहिण्यासारखं नाही.

पद्धत दिसायला सोपी. पाण्यावर उभी तरंगणारी बारीक कांडी, तिच्याखाली दोऱ्याला छोटे मणी, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा गळ आणि त्यावर एक अळी. हे मणी पूर्वी शिशाचे असत. ते गिळून हंस मरायला लागले, म्हणून १९८७ मध्ये तसल्या शिशाच्या विक्रीवर बंदी आली. कांडी प्रवाहाबरोबर सोडायची, पण दोरा किंचित रोखून धरायचा, म्हणजे अळी कांडीच्या पुढे पुढे जाते. दर वेळी वरच्या अंगाला चिमूटभर अळ्या फेकायच्या. फेकणं, सोडणं, ओढून घेणं, पुन्हा फेकणं. तासाभराने मेंदूतला ऑफिसचा आवाज बंद झाला, हे मात्र खरं.

डेस आधी आले. वीतभर लांब, सडपातळ, चांदीच्या पत्र्यासारखे. चावा इतका झटपट की कांडी बुडाली हे कळेपर्यंत गळ रिकामा. पाचांतला एक हाती लागायचा. उन्हं उतरल्यावर रोच लागले. तो जरा रुंद, पर लालसर, डोळ्यातही लाली. कांडी सावकाश, विचार करून बुडते. माझा सगळ्यात मोठा पाव किलोचाही नसेल. एका किलोच्या जवळ जाणारा रोच मिळावा म्हणून माणसं इथे जन्म घालवतात. काका आधी हात नदीत ओले करायला लावत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडल्यावर तो आजारी पडतो.

सोडल्यावर! इथेच बेळगावला व्हिडिओ कॉल अडला. "एवढे धरलेस नि सोडलेस? मग दुपार फुकट गेली की रे," आई म्हणाली. बाबांनी वेगळंच विचारलं, "दोन वर्षांनीही तिथं तेवढेच मिळतात काय?" मार्कंडेय नदीवर गळ टाकत वाढलेला माणूस तो. आता काठावर जातात ते फिरायला, गळ घरीच असतो.

बाबांचा प्रश्न मी काकांना विचारला, तेव्हा गोष्ट शेफिल्डपर्यंत गेली. तिथले सुऱ्या-कात्र्या बनवणारे कारागीर सुट्टीला रेल्वेने नद्यांवर जायचे. सामन-ट्राउटचं पाणी जमीनदारांचं, यांच्या वाट्याला रोच. अंडी घालण्याच्या दिवसांत बेसुमार मासेमारी होते म्हणून बंदी हवी, असा आग्रह या हौशी मासेमारांनीच धरला. त्यांचे खासदार मुंडेला यांनी विधेयक आणलं आणि १८७८ साली कायदा झाला. आजही १५ मार्च ते १५ जून नदीत या माशांसाठी गळ टाकता येत नाही. कोकण-गोव्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, त्याच जातीचं हे शहाणपण. त्या दिवसांत बेळगावात बांगड्याचा भाव ऐकून आपण कुरकुरतो, एवढंच.

सगळं गोड नाही बरं का. पावसात गटारांचं पाणी नद्यांत सोडतात, त्यावरून इथे लोक चिडलेले आहेत आणि त्यांत गळवाले पुढे. नदी बिघडली की पहिल्यांदा यांनाच कळतं, कारण दर आठवड्याला तिच्याकडे चार तास टक लावून बघणारं दुसरं आहे कोण?

लायसन्सच्या पैशातून नॉटिंगहॅमजवळच कॅल्व्हर्टन गावी सरकारी मत्स्यकेंद्र चालतं. तिथे रोच, डेस वाढवून देशभरच्या नद्यांत सोडतात. सोडण्याआधी पिल्लांना वाहत्या पाण्यात पोहायची तालीम देतात, प्रवाह थोडा थोडा वाढवत. मला ही कल्पना भारी आवडली. माझ्या मुलीला त्याहून जास्त. १३ वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही, त्यामुळे येत्या रविवारी तीही येणार आहे. अळ्यांना हात लावणार नाही, या अटीवर.