गुरुजी, तुमचा तास कागदावर उतरवा

पळस्पे फाट्यावर गोव्याचा महामार्ग जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून वेगळा होतो. फाट्याच्या आजूबाजूच्या गावांत आणि वाड्यांत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत. अशा शाळांत आपली लेकरे शिकतात आणि आमच्या वाचकांपैकी काही जण तेथे शिकवतात. आजचा मजकूर मुख्यतः शिकवणाऱ्यांसाठी आहे. पण आईबापांनीही वाचावा, कारण प्रश्न त्यांच्या लेकरांचा आहे.

शिक्षक संघटनांची पत्रके आम्ही नेहमी चाळतो. वेतनश्रेणी, बदल्या, जुनी पेन्शन, अशैक्षणिक कामांचा निषेध, निवृत्तांचे सत्कार, असा मजकूर त्यांत असतो. तो असलाच पाहिजे. हक्कासाठी संघटित होण्याचे महत्त्व आम्हाला कोणी सांगायला नको. पण सगळी पाने उलटून झाली तरी गुरुजी आणि बाई अकरा ते पाच वर्गात काय करतात, याची एक ओळही सापडत नाही. निदान एक पान तरी वर्गाला द्या, एवढेच आमचे मागणे आहे.

ही मागणी नवी नाही. शिक्षकांसाठी 'मराठी शाळापत्रक' निघाले ते १८६१ साली. पुढे ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणासाठी मराठी 'शिक्षण पत्रिका' चालवली. त्यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून या बायांनी शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा आज आपल्याला माहीत आहे, कारण ती चालवणाऱ्यांनी आपले काम लिहून ठेवले.

आमच्या घरांत याचे महत्त्व अधिक का? बाप गोदामात हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी करते. शिकवणी लावण्याची ऐपत नाही. शाळेत जे समजले नाही ते घरी समजावून सांगणारे कोणी नसते. बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात हाच हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांनी सरकारला सुनावले. आज मुलांची नावे पटावर टिकतात. पण पटावर नाव आहे आणि वजाबाकी येत नाही, असे पोर आजही आपल्या आळीत सापडते.

आता वजाबाकीचेच घ्या. ५२ मधून २७ वजा करायला सांगितले की कित्येक मुले ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढून मोकळी होतात. गुरुजी चुकीची फुली मारतात, पोर पाटी पुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करते. त्याच पोराला दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये देऊन दुकानात पाठवा. सत्तावीस रुपये द्यायचे म्हटले की ते एक नोट मोडून घेते आणि पंचवीस रुपये घरी आणते. मग वर्गात खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत, रबर काढून एक गठ्ठा पोरालाच सोडायला लावावा आणि त्यानंतर फळ्यावर हातचा दाखवावा. खर्च जवळजवळ काहीच नाही. कितीतरी गुरुजी हे वर्षानुवर्षे करत आले आहेत. पण त्यांची बदली झाली की ही युक्ती त्यांच्या पिशवीतून दुसऱ्या गावी जाते. नवे गुरुजी पहिल्यापासून चाचपडतात, आणि तेवढ्यात मुलांचे एक वर्ष जाते.

म्हणून गुरुजनहो, लिहा. आम्ही काही लेखक नाही, असे म्हणू नका. तीन-चारशे शब्द पुरेत. एकच धडा किंवा एकच अडचण घ्या. इयत्ता कोणती, मुले किती, दोन वर्ग एकत्र बसतात काय, हे आधी सांगा. साहित्य काय घेतले, किती मिनिटे लागली, पहिल्यांदा काय केले आणि नंतर काय बदलले, ते क्रमाने लिहा. मुले जे बोलली ते त्यांच्याच बोलीत राहू द्या. मात्र मुलाचे नाव छापू नका, गाव लहान असते. जे फसले तेही लिहा. फसलेला तास वाचून दुसऱ्या शाळेतल्या बाईंचा एक दिवस वाचतो. 'शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार' ही सुरुवात मात्र गाळा. ते वाक्य सत्काराच्या भाषणात भेटतेच.

पत्रकाच्या संपादकांनाही आमची विनंती आहे. पत्रक छापील असो की मोबाईलवर फिरणारे, वर्गाचे पान जाहिरातीसाठी कापू नका. द्विशिक्षकी शाळेतून आलेला मजकूर शुद्धलेखनासाठी परत पाठवू नका, तुम्हीच सुधारून घ्या. आणि पुढच्या अंकात विचारा की ती युक्ती आणखी कोणी करून पाहिली, आणि काय झाले. त्या उत्तरांतूनच पुढचा लेख मिळेल.

आईबापांनो, तुम्हीही हातभार लावू शकता. पालकसभेला गेलात की फक्त मार्क विचारून परत येऊ नका. आमचे पोर दुकानातला हिशेब बरोबर करते, मग वहीत का चुकते, असे विचारा. त्यासाठी तुम्ही शिकलेले असण्याची गरज नाही. एखाद्या गुरुजींना त्या प्रश्नातून लेख सुचेल, आणि तो वाचून दुसऱ्या एखाद्या वाडीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी जमेल.