द्रविडांच्या पागेत घोडे का नाहीत?

१/ ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये २०२२ साली ‘इंडियन्स’च्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार संस्कृती आल्या. त्यांपैकी द्रविडांना ‘नाईट’ नाहीत, उंटही नाहीत. जमिनीवर ते दुबळे पडतात, ही खेळाडूंची तक्रार रास्तच आहे. माझा आक्षेप आहे तो तिला मिळणाऱ्या ठरावीक उत्तरावर: “दक्षिणेत घोडे नव्हतेच, इतिहासच तसा आहे.”

२/ इतिहास तसा नाही. दक्षिणेत उत्तम घोड्यांची पैदास होत नसे, एवढेच खरे. म्हणून तर ते विकत घेतले जात. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो सांगतो, की पांड्यांच्या मुलखातील राजा दरसाल दोन हजारांहून अधिक घोडे समुद्रमार्गे आणवतो आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही जगत नाहीत. (प्रवाशाची अतिशयोक्ती वजा केली, तरी व्यापार उरतोच.)

३/ विजयनगरचा तर हा जीव की प्राण. होर्मुझकडून येणारे घोडे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी या व्यापारावर पकड बसवली आणि विजयनगरला घोड्यांसाठी त्यांची मर्जी सांभाळावी लागली.

४/ खेळात द्रविडांना आरमार भक्कम दिले. त्याच समुद्रावरून येणारा घोडा मात्र नाकारला. समतोलासाठी हे केले असेल, तर खुशाल तसे म्हणावे. इतिहासाची साक्ष काढणाऱ्यांनी आधी हंपीच्या हजारराम मंदिराची बाहेरची भिंत पाहावी. तिथे हत्तींच्या रांगेसोबत घोड्यांचीही रांग कोरलेली आहे.