फूटपट्टी कुणाच्या हातात?

काबूलच्या रस्त्यावरचे १९७२ सालचे एक छायाचित्र आम्हांला वरचेवर दाखवले जाते. आखूड स्कर्ट घातलेल्या तीन तरुणी चालल्या आहेत. सोबत शेरा असतोच : मुसलमान तेव्हा कसे होते, आता बघा! ऑगस्ट २०१७ मध्ये तर बातमी आली की, अमेरिकेच्या सुरक्षा सल्लागारांनी हेच चित्र ट्रम्पसाहेबांपुढे ठेवून तिथे फौज ठेवण्याचे समर्थन केले. गुडघे दिसले म्हणून देश वाचवण्याजोगा! आणि आमच्यातले धर्ममार्तंड? त्यांना याच गुडघ्यांत कयामत दिसते, मग त्या नावाने ते मुलींच्या कॉलेजलाच बोल लावतात. भांडण दोघांचे, पट्टी मात्र एकच.

मिनीस्कर्टचा जन्म काही कुणाच्या जाहीरनाम्यातून झाला नाही. लंडनच्या किंग्ज रोडवर मेरी क्वांटने १९५५ साली दुकान थाटले. गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या, स्वतः कमावणाऱ्या पोरीच 'अजून आखूड, अजून आखूड' म्हणत होत्या, त्यामुळे श्रेयही ती त्यांनाच देई. धावत बस पकडता यावी, असे कपडे तिला हवे होते. नाव दिले आवडत्या मिनी मोटारीचे. तिकडे पॅरिसमध्ये कुरेजही तेच करत होता. १९६५ मध्ये मेलबर्नच्या घोडशर्यतीला जीन श्रिम्प्टन गुडघ्याच्या वर चार बोटे स्कर्ट घालून गेली. हातमोजे नाहीत, टोपी नाही! तिथल्या सभ्य गोऱ्या समाजात गहजब झाला. म्हणजे अब्रूची दुखणी फक्त आमच्याच मोहल्ल्यात नसतात.

बाजाराने पुढे यातून पैसा केला, काटकुळ्या मुलींचा साचाही काढला, हे आम्ही नाकारत नाही. पण बाई ही बाजाराची बाहुली, हे रडगाणे आम्हांला पुरते पटत नाही. १९७० मध्ये अमेरिकेतल्या फॅशनवाल्यांनी पोटरीपर्यंतचा मिडी लादायचा प्रयत्न केला. बायकांनी तो विकतच घेतला नाही. माल दुकानात पडून राहिला.

आता त्या छायाचित्राकडे पुन्हा पाहू. १९६४ च्या घटनेने अफगाण स्त्रीला मताचा हक्क दिला, त्यानंतर बायका संसदेत निवडून आल्या. हे चित्र दाखवणाऱ्यांना त्या आठवत नाहीत. १९७१-७२ च्या दुष्काळात घोर प्रांतात माणसे भुकेने मेली. त्यांच्या लेकीबाळींनी मिनीस्कर्ट पाहिलाही नसेल. आणि खुद्द काबूलमध्ये १९७० च्या सुमारास पाय उघडे ठेवणाऱ्या मुलींवर ॲसिड फेकले गेले, तेव्हा बायका रस्त्यावर उतरून गुन्हेगारांना शिक्षा मागत होत्या. तो मोर्चा कुणी आम्हांला पाठवत नाही. तालिबानने २०२१ मध्ये सहावीपुढच्या शाळा आणि २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठे मुलींना बंद केली. अफगाण मुलीचे नुकसान मोजायचे तर ते इथे मोजा. स्कर्टच्या इंचांत काय मोजता?

मलावीत राष्ट्राध्यक्ष बांडा यांनी १९७३ मध्ये कायदाच केला : बाईचा गुडघा झाकलेला हवा, पँट तर नकोच. हे गृहस्थ मुसलमान नव्हते, चर्च ऑफ स्कॉटलंडचे एल्डर होते. कायदा रद्द व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

आमच्यातला कुणी म्हणेल, 'तुम्हांला आमच्या मुली मिनीस्कर्टमध्ये हव्यात काय?' साहेब, आम्हांला काय हवे हा प्रश्नच नाही, हेच तर आम्ही सांगतो आहोत. बुरखा घालणारीलाही आम्ही हेच सांगू, आणि तो उतरवणारीलाही.

एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्समधल्या शार्लव्हिल-मेझिएर गावी पंधरा वर्षांची एक मुसलमान मुलगी शाळेत आली. डोक्यावरचा रुमाल तिने दाराशीच काढला होता, नियमाप्रमाणे. तरी तिला वर्गात बसू दिले नाही. या वेळी स्कर्ट फार लांब होता.