आधी एकक सांगा, मग घाबरवा

गेले आठ दिवस आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला 40,000 रेडिएशन देतात! माणूस 5 रेडिएशनमध्ये मरतो! लासलगावचा कांदाही त्याच मशीनमधून जातो! जागे व्हा!!" खाली तीन लाल दिवे आणि हात जोडलेले.

मी जागाच आहे. पण हा मेसेज लिहिणाऱ्याला एक विचारायचंय. 40,000 काय? आणि 5 काय? "माझ्याकडे 40,000 आहेत आणि तुझ्याकडे 5" असं कोणी म्हणालं तर आपण आधी विचारतो ना, पैसे की रुपये? इथे नेमकी तीच लबाडी आहे. 40,000 हा आकडा आहे रॅडमध्ये आणि 5 आहे ग्रेमध्ये. 1 ग्रे म्हणजे 100 रॅड. म्हणजे आंब्याला मिळतात 400 ग्रे. एका बाजूला पैसे मोजले, दुसऱ्या बाजूला रुपये, आणि मधली शंभरपट भीती फुकटात पदरात पाडून घेतली.

आता कोणी म्हणेल, बरं, 400 तर 400, तरी 5 पेक्षा जास्तच की! अगदी बरोबर. सगळ्या अंगावर एकदम 4-5 ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. ते खोटं नाही. पण हे 400 ग्रे आंब्याला बसतात, आंबा खाणाऱ्याला नाही. पापड निखाऱ्यावर भाजतो, म्हणून पापड खाणाऱ्याचं तोंड भाजतं का? कोबाल्ट-60 चे गॅमा किरण आंब्यातून आरपार जातात. त्यांनी आंबा किरणोत्सर्गी होत नाही.

ग्रे म्हणजे काय तेही ऐका. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की झाला 1 ग्रे. 400 ग्रे म्हणजे किलोमागे 400 ज्यूल. एवढ्याने आंबा जेमतेम एक दशांश अंश तापतो. मग किडीचं काय होतं? किरण पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात, आणि कोयीतल्या भुंग्याची पुढची पिढी तयार होत नाही. अमेरिकेला तेवढंच हवंय. म्हणून तर 2007 पासून आपला आंबा तिकडे जाऊ लागला. कांद्याला याहून कितीतरी कमी लागतं, साधारण 60 ते 90 ग्रे. तेवढ्याने कोंब फुटायचा थांबतो.

इथपर्यंत वाचून अधिकारी मंडळी आणि व्यापारी खूश झाले असतील. थांबा, तुमचाही नंबर आहे.

मागे एका बैठकीला गेलो होतो. एका शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, कांद्याला किती डोस देता?" उत्तर आलं, "अगदी नगण्य हो, 0.06." कशाचे 0.06? किलोग्रेचे. म्हणजे 60 ग्रे. म्हणजे 6,000 रॅड. तिन्ही आकडे एकच. पण ज्याला घाबरवायचंय तो 6,000 म्हणतो आणि ज्याला गप्प बसवायचंय तो 0.06 म्हणतो. दोघंही शेतकऱ्याला अडाणी समजतात. आमच्याकडे पोरगं सातवीत मीटर-सेंटीमीटर शिकतं, त्याला ग्रे-रॅड समजणार नाही? ग्रे हे एकक 1975 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारलं गेलं. अजून किती वर्षं आम्ही लहानच?

त्याहून मोठी थाप म्हणजे "किरण मारले की कांदा वर्षभर टिकतो." नाही टिकत. किरण कोंब थांबवतात, सड थांबवत नाहीत. 60 ग्रेमध्ये सडवणारी बुरशी मरत नाही. त्यासाठी नीट सुकवलेला कांदा, हवेशीर चाळ किंवा शीतगृह लागतंच. शिवाय ही प्रक्रिया काढणीनंतर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच करावी लागते. आत कोंब हलायला लागल्यावर नेऊन उपयोग नाही. हे न सांगता कोणी शेतकऱ्याकडून पैसे घेत असेल, तर तो त्या लाल दिव्यांच्या मेसेजवाल्यापेक्षा वेगळा नाही.

आणि नोंद चुकली की काय होतं तेही पाहिलं आपण. 2025 च्या मे महिन्यात नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या आंब्याच्या 15 खेपा कागदपत्रांच्या घोळावरून अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आंबा विमानात बसून पार तिथवर गेला, आणि अडला कागदावर.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक विकिरण केंद्राच्या दाराशी मराठीत फलक लावा. कोणत्या मालाला किती ग्रे देतो, त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे त्यावर लिहा. ग्रे म्हणजे ग्रेच लिहा, मधेच किलोग्रे, मधेच रॅड नको. मालाच्या प्रत्येक लॉटबरोबर दिलेल्या डोसची पावती शेतकऱ्याच्या हातात द्या. आणि ग्राहकाला खूण दिसेल अशी छापा. ज्याला असा माल नको असेल त्याला तो नाकारायचा हक्क आहे, पण खरा आकडा वाचून.

आणि ग्रुपवाल्यांनो, पुढच्या वेळी कोणी आकडा फेकला की एवढंच विचारा, "कशात?" ग्रे, रॅड की किलोग्रे? आणि कुणाला, आंब्याला की माणसाला? या दोन प्रश्नांत निम्मे मेसेज जागच्या जागी आडवे होतात.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर जरूर भांडा, फक्त आकड्यापुढे एकक लिहून भांडा.